प्रकल्प नोंदी: १८५६ सालाचा फलक

२ जून
वाचनालयाच्या लांब भिंतीवर यंदा एकाच वर्षाचा फलक लावायचा, यावर समितीचं एकमत झालं. वर्ष १८५६. दोघांनी १८५७ सुचवलं होतं. ते साहजिक आहे, पण १८५७ चे फलक सगळीकडे लागतात. मला त्याच्या आदलं वर्ष हवं होतं. पुढच्या वर्षी काय होणार आहे याचा पत्ता नसलेली माणसं त्या वर्षात कशी वागत होती, कसले कायदे करत होती, कुठल्या अर्जांना काय उत्तरं देत होती, हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

सोबतीला अकरावीतली दोन मुलं आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. पांढरी कार्डं घटनांची, पिवळी जन्मांची, राखाडी मृत्यूंची. बारा महिन्यांचे बारा रकाने, मध्ये सुतळी. फलक १४ जुलैला खुला करायचा.

५ जून
आज फक्त तारखांचे नियम ठरवले. हे आधी केलं नाही तर शेवटी सगळ्या कार्डांची खाडाखोड होते.

एक: शके आणि इसवी सन दोन्ही द्यायचे. १८५६ च्या पाडव्यापर्यंत शके १७७७, पाडव्यानंतर १७७८. वर्षातून ७८ वजा केले की झालं, असं मुलांनी शाळेत शिकलेलं असतं. जानेवारी ते पाडवा या काळासाठी ७९ वजा करावे लागतात, हे त्यांना पंचांग समोर ठेवून दाखवलं. टिळकांचा जन्म आषाढ वद्य ६, शके १७७८ आणि इंग्रजी तारीख २३ जुलै १८५६. पौर्णिमेपासून मोजत आलं तर तिथी बरोबर जुळते. मुलीनं स्वतः मोजून पाहिलं.

दोन: रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका चालू होती, आपल्या तारखेच्या बारा दिवस मागे. गणितज्ञ लोबाचेव्स्की कझानमध्ये वारले ती तारीख तिकडे १२ फेब्रुवारी, इकडे २४ फेब्रुवारी. फलकावर सगळीकडे नवी तारीख.

तीन: जिथे जन्मवर्षाबद्दल जाणकारांत एकवाक्यता नाही, ते नाव घ्यायचं नाही. यामुळे दोन मोठी नावं गळाली. इलाज नाही.

९ जून
जानेवारी ते मार्च भरून झाले. या तिमाहीत सगळ्यात जड कार्ड अवधचं. ७ फेब्रुवारी १८५६ ला कंपनीनं अवध खालसा केलं, नवाब वाजिद अली शाह यांना लखनौ सोडावं लागलं आणि ते कोलकात्याजवळ मटियाबुर्जला जाऊन राहिले. मुलानं कार्डावर 'दत्तक नामंजूर' लिहिलं होतं, कारण आपल्याकडे सातारा, झाशी, नागपूर यांची गोष्ट त्याच एका शब्दानं सांगितली जाते. अवधचं प्रकरण वेगळं आहे. तिथे वारसाचा प्रश्नच नव्हता. कारभार बिघडला आहे, हे कारण पुढे करून राज्य घेतलं. फरक महत्त्वाचा आहे, कारण दत्तकाचा वाद नसलेला राजाही आता सुरक्षित नाही, हे त्या दिवशी सगळ्या संस्थानिकांना कळलं. बंगालच्या सैन्यातले पुष्कळ शिपाई अवधच्याच गावांतले. त्यांच्या घरी ही बातमी कशी पोचली असेल, हे वाचणाऱ्यानं स्वतः ताडावं. कार्डावर आम्ही फक्त एवढं लिहिलं की ते तिथले होते.

फेब्रुवारीअखेर गव्हर्नर जनरल डलहौसी गेले, त्यांच्या जागी कॅनिंग आले. ३० मार्चला पॅरिसचा तह होऊन क्रिमियाचं युद्ध संपलं. ही दोन्ही कार्डं छोटी ठेवली आहेत.

१३ जून
पिवळ्या कार्डांवरून आज मोठी चर्चा झाली आणि तिच्यातून फलकाची मांडणीच बदलली.

याद्यांमध्ये जन्मांचा रकाना सगळ्यात चकचकीत दिसतो. १८५६ ची यादी बघा: ६ मे रोजी मोराव्हियात सिग्मंड फ्रॉइड, १० जुलैला स्मिल्यान या खेड्यात निकोला टेस्ला, २६ जुलैला डब्लिनमध्ये जॉर्ज बर्नार्ड शॉ, १८ डिसेंबरला मँचेस्टरजवळ जे. जे. थॉमसन. वाचताना वाटतं, केवढं भाग्यवान वर्ष! पण त्या वर्षात जगणाऱ्या कुणालाही यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. जन्माचं कार्ड आपण आपल्या काळातून मागे नेऊन तिथे चिकटवतो. मृत्यूचं कार्डही बऱ्याचदा तसंच. ९ जुलैला तुरिनमध्ये ॲमेडिओ ॲव्होगाड्रो वारले. समान तापमान आणि समान दाब असताना सर्व वायूंच्या सारख्या आकारमानात रेणूंची संख्या सारखी असते, हे त्यांनी १८११ मध्ये मांडलं होतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याकडे नीट लक्ष दिलं ते १८६० नंतर, कान्निझारो यांनी कार्ल्सरूहेच्या परिषदेत तो विचार पुन्हा पुढे आणल्यावर. म्हणजे १८५६ चं वर्तमानपत्र हाती घेतलं असतं तर आपण आज ज्यांना मोठे म्हणतो त्यातले निम्मे त्यात सापडले नसते.

म्हणून ठरवलं: प्रत्येक पिवळ्या कार्डावर पुढच्या कर्तृत्वाची जंत्री द्यायची नाही. मूल ज्या आठवड्यात जन्मलं, त्या आठवड्यात त्याच्या भोवती काय चाललं होतं, ते द्यायचं. कर्तृत्व वाचकाला माहीत असतंच, नसेल तर शेजारच्या कपाटात पुस्तकं आहेत.

१७ जून
आज आगरकरांची पुण्यतिथी (१८९५). योगायोगानं त्यांचंच कार्ड हातात होतं. जन्म १४ जुलै १८५६, कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी टेंभू गावी. घरची परिस्थिती हलाखीची. नऊ दिवसांनी, २३ जुलैला, रत्नागिरीत गंगाधरपंत टिळक या शिक्षकाच्या घरी मुलगा झाला. नाव केशव, घरात सगळे बाळ म्हणत.

"बाई, म्हणजे दोघं एकाच वर्गात असतील ना?" मुलगा म्हणाला. नव्हते. त्यांची गाठ पडली ती डेक्कन कॉलेजात. मग १ जानेवारी १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस. पुढे फाटाफूट, १८८८ मध्ये आगरकरांचं सुधारक, १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्यावरून उघड विरोध. एवढं सगळं एका दमात सांगितलं, पण फलकावर यातलं काही येणार नाही. फलकावर फक्त टेंभू, रत्नागिरी आणि मधले नऊ दिवस.

या नऊ दिवसांतच फलकाचा जीव आहे. उद्यापासून जुलैचा रकाना.

२० जून
जुलैच्या रकान्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कार्ड २१ जुलैचं. टिळकांच्या जन्माच्या दोन दिवस आधीचं, आगरकर आठवड्याचे असतानाचं.

धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या सरकारी शाळेत आपल्याला घ्यावं, असा अर्ज जून १८५६ मध्ये एका महार मुलाच्या वतीनं सरकारकडे गेला. दोनच वर्षांपूर्वी, १८५४ मध्ये, वुडचा खलिता आला होता आणि सर्वसामान्यांच्या शिक्षणाची जबाबदारी सरकारनं कागदावर घेतली होती. सरकारी शाळा, सरकारी पैसा, शिकायला तयार असलेला मुलगा. मुंबई सरकारनं २१ जुलैला उत्तर दिलं. त्याचा आशय असा: तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूनं आहे यात शंका नाही. परंतु एखाद्या व्यक्तीसाठी शतकांच्या समजुतींना एकदम हात घातला, तर शिक्षणाच्या कार्याचंच नुकसान होईल. म्हणून सरकार मध्ये पडू शकत नाही.

हे उत्तर आम्ही मोठ्यानं वाचलं आणि मग बराच वेळ त्यावर बोललो. मुलगी म्हणाली, "न्याय त्याच्या बाजूनं आहे असं लिहून मग नाही म्हटलं, हे जास्त वाईट आहे." मला तिचं म्हणणं पटतं. अज्ञानातून नकार दिला असता तर एक वेळ समजलं असतं. इथे न्याय काय आहे ते ओळखून, लिहून, सही करून नकार दिला आहे.

पुढचा भाग कार्डाच्या मागच्या बाजूला घेतला. प्रकरण कोलकात्याला वरिष्ठ सरकारकडे गेलं. १८५७ च्या जानेवारीत तिकडून शेरा आला की बंगालमधल्या सरकारी शाळेत या मुलाला नकार मिळाला नसता. १८५८ मध्ये लंडनच्या कोर्ट ऑफ डायरेक्टर्सनं, म्हणजे कंपनीच्या संचालक मंडळानं, सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असं स्पष्ट केलं. कागदावर निकाल मुलाच्या बाजूनं लागला. प्रत्यक्षात गावोगावच्या शाळांत काय होत राहिलं, ते आपल्याकडे आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेली पुष्कळ घरं आहेत. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी जे निवेदन ठेवलं, त्यात धारवाडचं हे प्रकरण आणि सरकारचं हे उत्तर दोन्ही आहेत. बहात्तर वर्षांनी तो कागद त्यांना पुन्हा काढावा लागला.

२१ जून
समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं: धारवाडचं कार्ड लहान ठेवा, लोक टिळक-आगरकर बघायला येतील. मी मान्य केलं नाही. लोक त्या दोघांसाठी येतील, यासाठीच ते कार्ड दोघांच्या मधोमध आणि मोठं हवं. टेंभूच्या गरीब घरातल्या मुलाला पुढे पायपीट करावी लागली, उपाशी राहावं लागलं, पण शाळेच्या दाराशी त्याला कुणी अडवलं नाही. त्याच महिन्यात धारवाडच्या मुलाला अडवलं. हे शेजारी शेजारी दिसलं पाहिजे. यात आगरकरांचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही, उलट त्यांनी पुढे इतकं पोटतिडकीनं का लिहिलं ते उमगतं.

ग्रंथपाल काकांनी दुजोरा दिला. कार्ड मोठंच राहणार.

२४ जून
विधवाविवाहाचा कायदा. १८५६ चा कायदा क्रमांक १५, मंजुरी २६ जुलै, शनिवार. टिळक तीन दिवसांचे.

पाठ्यपुस्तकात एक ओळ असते: डलहौसींच्या काळात मसुदा, कॅनिंगच्या काळात कायदा, ईश्वरचंद्र विद्यासागरांचे प्रयत्न. सगळं खरं. जे. पी. ग्रँट यांनी विधेयक मांडलं, विद्यासागरांनी पराशरस्मृतीतला आधार दाखवला, विरोधातल्या अर्जांवरच्या सह्या बाजूच्या सह्यांहून कितीतरी जास्त होत्या आणि तरी कायदा झाला. याचं श्रेय मोठं आहे.

पण आज आम्ही कलमं वाचली. पहिलं कलम म्हणतं की असा विवाह बेकायदा नाही आणि त्यातली संतती औरस. दुसरं कलम म्हणतं की विधवेनं पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला तिचा हक्क संपला, जणू ती त्याच दिवशी वारली असं समजून ती मिळकत पुढच्या वारसांकडे जाईल. मुलगी थांबली आणि ते वाक्य तिनं परत वाचलं. एका कलमात नवा संसार दिला, पुढच्या कलमात तिला कागदावर मृत धरलं.

आणखी एक गोष्ट इकडच्या वाचकाला सांगायला हवी. आपल्याकडे कितीतरी जातींत विधवा पाट लावत होत्या, म्हणजे त्यांना कायद्याच्या परवानगीची गरजच नव्हती. मुंबईच्या न्यायालयानं पुढे दुसरं कलम या बायकांनाही लावलं. अलाहाबादच्या न्यायालयानं वेगळी भूमिका घेतली: जातीच्या रिवाजानं जिला आधीच मुभा होती तिचा हक्क या कायद्यानं जात नाही. एकच कायदा, पण बाई कुठल्या इलाख्यात राहते यावर तिचं शेत तिच्याकडे राहणार की नाही ते ठरायचं.

महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचं पुस्तक मराठीत आणलं, चळवळ उभी केली, १८६९ मध्ये पुनर्विवाह घडवून आणला आणि त्यावरून बहिष्काराचं वादळ उठलं. कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हाही मुरुडनं त्यांना वाळीत टाकलं. कायदा होऊन सदतीस वर्षं झाली होती. कार्डाच्या मागे एवढं पुरे.

२५ जून
कायद्याच्या आदल्या दिवशीचं, २५ जुलैचं कार्ड: बंगाल सैन्यात यापुढे भरती होणाऱ्या प्रत्येक शिपायानं सांगाल तिथे, समुद्रापारही, जायला तयार असलं पाहिजे, हा आदेश. मुलानं विचारलं की जुन्या शिपायांना लागू नव्हता तर ते का चिडले. कारण शिपाईगिरी बापाकडून मुलाकडे जायची. आपल्याला नाही तर आपल्या पोराला समुद्र ओलांडावा लागेल आणि जात जाईल, ही धास्ती. त्याला उत्तर पुरलं, आम्ही पुढे गेलो.

२८ जून
ऑक्टोबरच्या रकान्यात एकच कार्ड आहे आणि मला ते सगळ्यात प्रिय आहे. १० ऑक्टोबर १८५६, नायगाव. सावित्रीबाईंचं जोतीरावांना पत्र.

आजारपणामुळे त्या माहेरी आल्या होत्या. वय पंचवीस. भावानं शुश्रूषा केली, तब्येत आता सुधारली असं लिहितात. पुण्यात शाळेचं काम फातिमेवर पडलं आहे, तिला त्रास होत असेल पण ती कुरकुर करणार नाही, असंही लिहितात. फातिमा शेख यांच्या कामाचा हा केवढा मोलाचा उल्लेख, आणि तो किती सहज, घरच्या माणसाबद्दल बोलावं तसा आला आहे.

मग भावाशी झालेला वाद. महार-मांगांना शिकवता म्हणून तुम्हाला जातीबाहेर टाकलं ते योग्यच झालं, असा त्याचा सूर. ज्यानं रात्री जागून औषधपाणी केलं, त्याच्याशीच वाद घालायचा होता. त्या मागे हटत नाहीत. गाई-शेळ्यांना तू कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतोस, आणि तुझ्यासारख्याच माणसांचा विटाळ मानतोस, हे कसं, असं त्याला विचारतात.

जुलैमध्ये मुंबई सरकारनं म्हटलं, शतकांच्या समजुतींना एकदम हात घालता येत नाही. ऑक्टोबरमध्ये नायगावात एक आजारातून उठलेली बाई सख्ख्या भावाच्या समजुतीला हात घालत होती. सरकारकडे पोलीस, पैसा, कायदा होता. पुण्यात तोवर फुल्यांच्या शाळा चालू होऊन काही वर्षं लोटली होती, महार-मांगांच्या मुलांना शिकवणारी मंडळी उभी राहिली होती, आणि त्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात छापूनही आला होता. तेव्हा 'व्यवहारात अवघड आहे' हे सरकारचं म्हणणं त्या काळाच्या मापानंही टिकत नाही. आपण आजचे निकष मागच्यांवर लादतो, अशी तक्रार नेहमी होते. इथे निकष १८५६ चाच आहे, सावित्रीबाईंचा.

२१ जुलैच्या कार्डापासून १० ऑक्टोबरच्या कार्डापर्यंत लाल सुतळी बांधायची. फलकावर लाल सुतळी एवढीच.

२ जुलै
विज्ञान आणि रेल्वेची कार्डं झटपट उरकली.

हिमालयातल्या 'शिखर १५' ची उंची २९,००२ फूट, हे सर्वेक्षण खात्यानं १८५६ मध्ये जाहीर केलं. आकडेमोडीत राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा. शिखराला नाव मात्र निवृत्त साहेबाचं, एव्हरेस्टचं. लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनाइन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग आला. पहिला कृत्रिम रंग त्यानं ऑगस्टमध्ये पेटंट केला. त्या वाटेनं पुढे १८९७ मध्ये जर्मन कारखान्याची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि बिहारची निळीची शेती कोसळली. ऑगस्टमध्येच जर्मनीत निआंडर खोऱ्यात चुनखडीच्या खाणीतल्या मजुरांना जुनी हाडं सापडली. बेसेमरनं पोलाद स्वस्त करण्याची पद्धत जाहीर केली. २९ जुलैला संगीतकार शूमान वारले.

१ जुलैला मद्रासच्या रॉयपुरमहून वालाजा रोडपर्यंत गाडी सुरू झाली, दक्षिणेतली पहिली. आपल्याकडे मुंबईहून निघालेली गाडी त्याच वर्षी खोपोलीला पोचली आणि बोरघाटाच्या पायथ्याशी थांबली. घाटाचं काम त्याच वर्षी हाती घेतलं, मार्ग खुला व्हायला १८६३ उजाडलं. तोवर पुण्याला जाणारा उतारू खोपोलीला उतरून घाट चढायचा.

५ जुलै
डिसेंबर. ७ तारखेला कोलकात्यात सुकिया स्ट्रीटवर नव्या कायद्याखाली पहिला गाजलेला पुनर्विवाह झाला. नवरा श्रीशचंद्र विद्यारत्न, संस्कृत कॉलेजशी संबंधित पंडित. नवरी कालीमती देवी, वय दहा. विधवा, वय दहा. मुलीनं वय दोनदा तपासून घेतलं.

याद्यांमध्ये या लग्नाच्या नोंदीत विद्यासागरांचं नाव असतं, वराचं असतं, पुष्कळदा वधूचं नसतं. आमच्या कार्डावर शीर्षकात कालीमती. वय खाली मोठ्या आकड्यात. समितीतल्या कुणी हरकत घेतली नाही.

८ जुलै
सगळी कार्डं भिंतीवर ठेवून बघितली. जुलैचा रकाना बाकीच्यांच्या तिप्पट रुंद झाला आहे, नोव्हेंबर जवळजवळ रिकामा. समान करण्याचा आग्रह सोडून दिला, वर्ष जसं होतं तसं दिसू दे.

उरलेली कामं: धारवाडच्या उत्तराचा मराठी मजकूर मोठ्या टाइपात छापून आणणे. कायद्याचं दुसरं कलम स्वतंत्र कार्डावर घेणे. सावित्रीबाईंचं पत्र पूर्ण, छाटछूट न करता, फलकाखाली टेबलावर ठेवणे आणि बसून वाचायला दोन खुर्च्या लावणे. फ्रॉइड, शॉ, टेस्ला यांची कार्डं सगळ्यात वरच्या ओळीत, लहान मुलांच्या नजरेच्या उंचीला महाराष्ट्राची. मुलगा उद्या सुतळी आणि टाचण्या आणणार आहे. छपाईचे पैसे काकांनी दिले.